राष्ट्राध्यक्षांचा शिंपी

मी एकोणतीस वर्षं नेमेसियो मास्तरांकडे काजबटणं केली. राजधानी आसुन्सिओनमध्ये त्यांच्यासारखा कोट कुणी शिवत नसे.

राष्ट्राध्यक्ष आमच्याकडे पहिल्यांदा आले, तेव्हा साधे कॅप्टन होते. उसवलेली पँट घेऊन आले होते. पुढे कर्नल झाले. मग एका सकाळी रस्त्यावर रणगाडे आले आणि ते राष्ट्राध्यक्ष झाले. शपथविधीचा काळा कोट मास्तरांनीच शिवला. त्यानंतर मापं घ्यायला आम्हीच राजवाड्यावर जायचो. कंबर दरवर्षी वाढायची.

त्यांच्या राजवटीच्या सातव्या वर्षी मास्तरांच्या मुलाला, देरलिसला, पोलिसांनी कॉलेजातून उचललं. पत्रकं वाटत होता म्हणे. मास्तर तीन आठवडे चौक्यांवर हिंडले. कुणी दाद दिली नाही. तेवढ्यात राजवाड्यावरून बोलावणं आलं. नवा कोट अंगावर घालून बघायचा होता. टाचण्यांचा डबा घेऊन मीही गेले.

"साहेब, माझा देरलिस..." मास्तर म्हणाले.

"कोण?"

"मुलगा. तुमच्या पोलिसांनी नेलाय."

राष्ट्राध्यक्ष आरशातच बघत होते. "या पोरांना असली थेरं सुचतात कशी? सांगतो चौकशी करायला. बाही जरा लांब वाटते रे."

"अर्धा इंच घेतो."

मास्तरांनी टाचण्या लावल्या.

येताना मी विचारलं, "करतील ना चौकशी?"

"बाही खरंच लांब होती," मास्तर म्हणाले.

चार वर्षांनी दुसऱ्याच एका सेनापतीनं राष्ट्राध्यक्षांना हाकललं. ते परदेशी पळाले. कोपऱ्यावरची फळवाली ओरडली, "काय मास्तर, बडं गिऱ्हाईक पळालं की!" मास्तर नुसते हसले.

मग पोलिसांची दप्तरं उघडली. मास्तरांची बायको एउलोखिया यायला तयार नव्हती, म्हणून मास्तरांबरोबर मी गेले. कारकुनानं एका ओळीवर बोट ठेवलं. देरलिस कोठडीतच वारला होता, उचलल्यावर दोन दिवसांनी. म्हणजे आम्ही टाचण्या लावत होतो, तेव्हा तो जाऊन अडीच आठवडे उलटले होते. मास्तरांनी ती ओळ दोनदा वाचली आणि कारकुनाचे आभार मानले.

घरी एउलोखिया साबुकंद उकडत होती. "काय म्हणाले?"

"गेला. उचलला त्याच आठवड्यात," मास्तर म्हणाले.

तिनं विस्तव विझवला. तिघांची पानं वाढली. मीठ कमी पडलं होतं. कुणी मागितलं नाही. जेवण झाल्यावर मास्तर दुकानात गेले. शाळा सोमवारी उघडणार होत्या आणि गणवेश शिवायचे राहिले होते.