डॉक्टरांचा चष्मा

साठ सालच्या सुमारास मी मल्लेश्वरममध्ये पत्रकं वाटत असे: ‘डॉक्टर देव नव्हे, त्याला प्रश्न विचारा!’ घरात थोरल्या आत्याचा विश्वास मात्र तंबूतल्या सिनेमावर होता. पडद्यावर डॉक्टरनं चष्मा काढला की रोगी गेलाच.

वडिलांना ताप चढला म्हणून डॉक्टर घरी आले. नाडी बघून झाल्यावर त्यांनी घामानं ओला झालेला चष्मा पुसायला काढला. आत्यानं हंबरडा फोडला. मीही एकही प्रश्न न विचारता रडू लागलो.

“अगं अक्का, स्वल्प थांब की!” वडील अंथरुणातून ओरडले. “अजून आहे मी!”

डॉक्टर गोंधळले. “साधा फ्लू आहे हो.”

“असेल,” आत्या म्हणाली, “पण आधी चष्मा घाला.”

त्यांनी तो निमूट घातला, तेव्हा कुठे तिनं औषधाची चिठ्ठी घेतली.