पायरीवरची जागा

हेमाबाई तोंडानं फटकळ, तरी पालमजवळच्या त्या वाडीतली पोरं सदा त्यांच्याच मागं मागं. चौथीपर्यंतची शाळा त्या एकट्याच सांभाळायच्या. नागरिकशास्त्र नुसतं पाठ करून घ्यायचा त्यांना भारी तिटकारा, म्हणून त्यांनी पोरांचीच सभा भरवली. सभेनं हात वर करून नियम केला, की सकाळच्या परिपाठाला जो उशिरा येईल, त्यानं परिपाठ संपेपर्यंत दारातल्या पायरीवर बसायचं. बाईंनीही हात वर केला होता.

आठवडा उलटायच्या आत बाईंचीच एसटी हुकली. त्या पोचल्या तेव्हा पोरांनी आपलं आपणच परिपाठ सुरू केला होता. बाई मुकाट्यानं पायरीवर बसल्या.

पोरांनी निवडलेली शाळेची मुख्यमंत्री अर्पिता कावरीबावरी होऊन धावत आली.

"बाई, तुमी नका ना बसू. आमाला लय कसंतरी व्हायलंय."

"नियम कुणी केला?"

"आमी."

"मग जा, परिपाठ पुरा कर."

तेवढ्यात परिपाठात गणवेश वाटायला बोलावलेले सरपंच दिनकरराव आले, तेही उशिराच. ते तडक आत निघाले. अर्पितानं बाईंकडं पाहिलं.

"सरपंच आबा," ती चाचरत म्हणाली, "उशीर झाला तर पायरीवर बसायचं असतंय."

दिनकरराव जागीच थबकले.

बाईंनी पदरानं शेजारची धूळ झटकली आणि जराशा सरकून बसल्या.