सासऱ्यांची धावपट्टी

सासरे गवंडी. तरुणपणी, युद्धाच्या घाईत, त्यांनी इतर गवंड्यांसोबत गावाबाहेरची धावपट्टी बांधली. पण ती पुरी होईतो युद्धच संपलं आणि तिच्यावर एकही विमान उतरलं नाही. म्हातारपणी त्यांनी ती बघायचा हट्टच धरला, तेव्हा बस चालवणाऱ्या सुनेने सुट्टीच्या दिवशी त्यांना आपल्या गाडीतून नेलं.

हँगरचे नुसते खांब उरले होते. भेगांतून गवत वर आलं होतं. सासरे काठीने काँक्रीट ठोकत बराच वेळ हिंडले.

"बाबा, बसा गाडीत," सून म्हणाली आणि तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत गाडी भरधाव सोडली.

"मधला एक सांधा उचकटलाय," गाडी थांबल्यावर सासरे म्हणाले. "तो माझ्या हातचा नाही. आणखी एक चक्कर मार."