येऊद्या

राष्ट्रीय उद्यानाच्या वाहनतळावर जो माणूस दिवसभर उन्हात उभा असायचा, त्याला सगळे येऊद्या म्हणत. गाडी मागे घेणाऱ्याला तो हात हलवत ओरडायचा, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... बास!" त्यावरून हे नाव पडलं. आईबापांनी ठेवलेलं नाव फक्त पगाराच्या दिवशी बाहेर निघायचं.

आवाज खणखणीत आणि तोंडाला विसावा नाही. "सकाळी लवकर या, नाहीतर जागा शोधत बसाल. गाडीचं तोंड बाहेर करून लावा, संध्याकाळी सगळ्यांना एकदम घर आठवतं. काचा वर घ्या, तुमच्या डब्यात काय आहे ते माकडांना तुमच्याआधी कळतं. त्या झाडाखाली लावू नका, वरच्या पाखरांना नवी गाडी फार आवडते." लोक हसायचे, मान डोलवायचे आणि नेमकी त्याच झाडाखाली गाडी लावायचे.

वाहनतळाच्या पलीकडे तळं होतं. सकाळी त्यावर पक्ष्यांचे थवेच्या थवे उतरत. येऊद्या घरी बायकोला त्या तळ्याचं असं वर्णन करायचा, जणू ते यानेच खणलं होतं.

"मलाही दाखवा की एकदा," ती म्हणायची.

"अगं, आज फार गर्दी आहे. उद्या बघू."

सुट्टीच्या दिवशी लोकांची झुंबड, एरवी साहेबांचे पाहुणे. आपण एक दिवस नसलो तर तिथे सावळागोंधळ होईल, असा याचा पक्का समज. जगाच्या बायकापोरांना वाट दाखवण्यात याची उमेदीची वर्षं सरली आणि घरची बाई डबा भरून देत घरातच राहिली. हे त्याला कळत नव्हतं असं नाही, पण रजा मागायची म्हटलं की जिवावर यायचं.

मग बायकोची नजर मंदावायला लागली. डॉक्टर म्हणाले, गेली ती परत यायची नाही, आहे तीही हळूहळू जाणार. येऊद्याने मनाशी ठरवलं, आता काही झालं तरी तिला तळं दाखवायचंच.

नेमकं तेव्हाच साहेबांनी बोलावलं. "तुमचा आवाज रेकॉर्ड करून घेऊ. लोकांना तुमच्याच तोंडून ऐकायला आवडतं."

येऊद्या हरखला. धुवट शर्ट घालून गेला आणि होतं नव्हतं ते सगळं बोलला. जागा भरल्यावर लोकांना कसं परतवायचं, तेही सोडलं नाही. साहेबांनी पाठ थोपटली, चहा पाजला. महिना संपता संपता रस्त्यावर आपोआप उघडमीट करणारा दांडा बसला, खांबावर भोंगा चढला आणि येऊद्याला निरोप आला, आता यायची गरज नाही. आवाज ठेवून घेतला, माणूस तेवढा घरी पाठवला. असल्या कृतघ्नपणाला काय म्हणावं!

तो घरात तोंड पाडून बसला, तेव्हा बायकोच म्हणाली, "बरं झालं, सुटलात. आता तळं दाखवा मला. अजून थोडं दिसतंय तोवर."

जावई रजा काढून गाडी घेऊन आला. रजा एकाच दिवसाची, पुढची कधी मिळेल ते देव जाणे. बायको पहाटेच तयार होऊन डबा मांडीवर घेऊन बसली. येऊद्याची मात्र निवांत दाढी चालली होती.

"मामा, निघायचं ना? लवकर जायला हवं, तुम्हीच सांगता."

"ते लोकांना हो! मला कोण अडवतंय तिथे?"

पोचले तेव्हा दांडा खाली होता. जंगलाचा रस्ता, पुढे पायी जायलाही बंदी. येऊद्याने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. "अरे, मी आलोय! उघडा!" पण ऐकायला तिथे होतं कोण? वरून भोंगाच बोलला.

"मंडळी, जागा भरली. हॉर्न वाजवू नका, वाजवून जागा होत नाही. ओळख सांगू नका, इथे सगळेच कुणाचे तरी पाहुणे असतात. आज फार गर्दी आहे. उद्या लवकर या. आता गाडी मागे येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या..."

आपलाच आवाज ऐकून येऊद्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मागे गाड्यांची रांग लागली होती. जावयाने नाइलाजाने गाडी मागे घ्यायला सुरुवात केली.

मागच्या सीटवर बायकोने आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. भोंगा काही तिला दिसत नव्हता.

"अहो," ती म्हणाली, "इतक्या लांब कशाला आणलंत? हे तर तुम्ही घरीच सांगत होता."