कडीसर

आमच्या कडीसरांना इंग्रजी किती येत होतं, देव जाणे. पण 'शट' हा एक शब्द मात्र अगदी मुळापासून येत होता. बदलापुरातल्या त्यांच्या क्लासचं ते कुलदैवतच होतं. सकाळी सात वाजले की सर दाराची कडी सरकवायचे आणि फळ्याकडे वळून सांगायचे, "शट म्हणजे नुसतं बंद नव्हे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ कडी सरकवणे. शूट हा त्याचाच भाऊ. गोळी सुटते तशी कडी सरकते, खट्!" आणि आपणच हसायचे.

हे ज्ञान मी दाराबाहेर, चपलांच्या ढिगात उभी राहून मिळवलं. गावाबाहेरच्या आमच्या सोनिवलीला पाण्याचा टँकर यायचा सहाच्या पुढे. हंडे भरून चालत क्लासला पोहोचेपर्यंत सात वाजून पाच. बिल्डिंगमधली मुलं उशिरा आली की कडी हळूच निघायची. तेव्हा सरांना जुनी इंग्रजी आठवत नसे.

दहावीच्या इंग्रजी पेपरच्या आदल्या दिवशी शेवटची उजळणी होती. आई सोबत आली. तिनेच दार वाजवलं.

"सर, टँकरच आत्ता आला. पोरीचा उद्या पेपर हाय, घ्या ना आत."

"बाई, शट म्हणजे काय, ठाऊक आहे?"

"कडी लावनं. पोरगी वर्षभर घरी तेच सांगते. आता काढायला काय म्हनतात, तेवढं बोला."

आत पोरं खिदळली. कडी हलली नाही. खिडकीच्या गजाला वही टेकवून मी उजळणी उतरवली. आई माझ्यावर पदर धरून उन्हात उभी.

इंग्रजीत चांगले मार्क पडले आणि नाक्यावर क्लासच्या बॅनरवर माझा फोटो! खाली 'आमच्या क्लासची शान'. लाज नावाचा शब्द सरांनी मुळापासून कधी पाहिलाच नसावा.

पुढे मी पदवीधर झाले, घराण्यातली पहिली. सरांनी सत्काराला बोलावलं, सकाळी सातला. मी आईला घेऊन मुद्दाम सात-पाचला गेले. सरांनी स्वतः कडी काढली.

"ये, ये! तुझंच घर आहे."

मी चपला काढल्या नाहीत. "नको सर, माझा वर्ग इथं बाहेर भरायचा. सत्कार इथंच करा. आणि आईचा करा."

सर नारळ घेऊन उंबऱ्यात घुटमळले. आतली पोरं माना वर करून बघत होती. शेवटी ते बाहेर आले, चपलांच्या ढिगात.

आईने नारळ ओटीत घेतला आणि म्हणाली, "लावा आता कडी. सात वाजून गेले."