एबनेझरमामांचं एकुलतं प्लम

एबनेझरमामांची उमेदीची वर्षं कुरकुंभच्या एका कारखान्यात बॉयलर सांभाळण्यात गेली. साहेबाने सांगितल्याशिवाय व्हॉल्व्ह फिरवायचा नाही, एवढं एक शिक्षण तिथून घेऊन ते निवृत्त झाले. जावयाने हिमाचलहून प्लमचं रोप आणून दिलं, ते त्यांनी दौंडच्या घरामागे न्हाणीच्या सांडपाण्यावर लावलं. इथल्या हवेत प्लम धरत नाही, हे त्यांच्याखेरीज सगळ्यांना माहीत होतं.

झाड दरवर्षी पालवायचं, फुलायचं मात्र नाही. आमच्या चर्चमध्ये मे महिन्यात उपकारस्तुतीचा सण असतो. परसात पिकलेलं प्रत्येकाने वेदीपुढे ठेवायचं, उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. लिलाव पुकारणारा दावीद दरवर्षी मामांची पपई वर धरून विचारी, "मामा, प्लम कुठं हाय?" मंडळी हसायची, कारण मंडळी प्रेमळ आहे. दावीदचं तोंड एकदा बंद व्हावं, याखेरीज मामांना आयुष्याकडून काही नको होतं.

दोन हिवाळ्यांमागे डाळिंबवाले पोपटराव म्हणाले, झाडाला ताण द्या. पाणी तोडलं की मुकाट फुलतं. मामांनी न्हाणीचं पाणी दुसरीकडे वळवलं. पानं गळाली आणि खरोखरच एका फांदीवर पांढरी फुलं आली. त्यांतलं एक धरलं. मामांनी बायकोच्या जुन्या पातळाची पिशवी शिवून त्याला बांधली. पाणी पुन्हा कधी सोडायचं, हे पोपटरावांनी सांगितलं नव्हतं; म्हणून मामांनी ते सोडलं नाही.

सणाला गोटीएवढं लाल फळ बशीत बसून चर्चमध्ये आलं. दावीद क्षणभर गप्प झाला. मामांना ते चाखून तरी बघायचं होतं. पण आपण अर्पण केलेल्यावर आपणच बोली लावायची नाही, असा रिवाज. त्यांनी बायकांच्या बाजूला राहेलमामींकडे बघितलं. मामी पदर सारखा करत राहिल्या. शेवटी दावीदनेच फळ घेतलं, तिथंच चावलं आणि बी हातावर थुंकून निकाल दिला, "आंबट हाय."

घरी मामांनी विचारलं, बोली का नाही लावली. मामी म्हणाल्या, तेवढ्या पैशांत कोंबडी आली असती.

दुसऱ्या दिवशी मामा पोपटरावांकडे गेले.

"पानं गळाली की पाणी सोडायचं व्हतं, मामा. येवढंबी सांगाय लागतं व्हय?"

पाणी सोडलं, पण काडी मोडली की कडकन वाजत होती. मामींनी पावसाआधी झाड तोडून ढलप्या पोत्यात भरून ठेवल्या.

यंदाच्या सणाला दावीदने पपई वर धरली आणि प्रश्न विचारला.

"सकाळी बंबात घातलं," मामा म्हणाले. "पाणी चांगलं तापलं."

मंडळी इतकी हसली, की पपईची बोली पुन्हा पहिल्यापासून पुकारावी लागली.