खंडेनवमीच्या पाटावरचं गाठोडं

केनआजोबा गेले, हे सांगायला त्यांच्या मुलीचा, शॅरनचा फोन आला तेव्हा मी ईशानला भरवत होते. रडू आलंच... आणि वर ती म्हणते, "मेघा, डॅडची स्टेन तुझ्याकडेच आहे ना? राहू दे, नो वरीज." माझ्या हातातला चमचा हातातच राहिला. स्टेन म्हणजे गन, धडाधड गोळ्या सुटतात ती!

इथे सिडनीत, टूनगॅबीत ते आमचे शेजारी. तरुणपणी इंग्लंडमध्ये गनच्या फॅक्टरीत होते, त्यांचे वडीलपण. माझी दहावीसुद्धा झाली नाही, पण कुंपणापाशी उभे राहून हातवारे करून सांगायचे ना, कळायचं. दुसऱ्या महायुद्धात घाई म्हणून वडिलांनी स्टेन बनवली, नुसता पाईप, डाव्या बाजूला गोळ्यांची पेटी, आणि हातातून पडली तर आपोआप सुटायची. वडिलांचा एक दोस्त तसाच गेला. मग स्टर्लिंग नावाची नवी गन आली, ती यांनी बनवली, आत वाळू गेली तरी अडकायची नाही. "बापाची वाईट, माझी चांगली," म्हणून हसायचे. पण चहाचा कपसुद्धा दोन्ही हातांनी, हळू ठेवायचे.

खंडेनवमीला मी पाटावर विळी, सुरी, मिक्सर, नवऱ्याचा लॅपटॉप मांडला, त्यांना म्हटलं, आज आमच्यात हत्यारं पुजतात. ते घरी जाऊन टॉवेलात गुंडाळलेलं लांबडं काहीतरी घेऊन आले. "हे पण ठेव, उद्या नेतो." पण दसऱ्याला त्यांना हॉस्पिटलमध्ये नेलं, ते परत आलेच नाहीत... पूजेतली दुसऱ्याची वस्तू, म्हणून मी टॉवेल न सोडता तशीच कपाटावर ठेवली.

आणि आता हे! ईशान कपाटावर चढतो, पडली तर? पोलीस आले तर, इथे कायमचं राहायच्या पीआरचं काय? नवऱ्याला शिफ्टवर फोन केला. तो ओरडला, "अगं, गनला हळदकुंकू लावलंस? हात लावू नको, बाहेर पळ!" ईशानला कडेवर घेऊन मी ड्राईव्हवेत, तिथूनच शॅरनला बोलावलं.

तिने आत जाऊन टॉवेल सोडला, मी दारातून बघत होते. लाकडाची! आकाशी रंगाची, झाडूच्या दांड्याची नळी, शॅरन लहान होती तेव्हा तिच्यासाठी केलेली. "खरी गन डॅड घरात येऊच द्यायचे नाहीत," ती म्हणाली, आणि मी तिथेच फरशीवर बसून हसले का रडले, काय माहीत... एकदम हलकं वाटलं.

शॅरनने ती ईशानलाच दिली. दिवसभर ढिश्यांव ढिश्यांव चालतं. पण खेळून झालं की दोन्ही हातांनी, हळूच खाली ठेवतो. मी नाही शिकवलं त्याला.